असीरगडची एकदांडी

बऱ्हाणपुराहून खंडव्याच्या रस्त्याला लागले की केळीच्या बागा हळूहळू मागे पडतात आणि समोर सातपुडा उभा राहतो. सुमारे वीस किलोमीटर अंतर कापले की उजव्या-डाव्या टेकड्यांतून एक उंच, माथ्यावर सपाट असलेला डोंगर वेगळा दिसू लागतो. तोच असीरगड. पायथ्याच्या सपाटीपासून त्याची उंची अडीचशे मीटरांहून अधिक, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर. नर्मदा आणि तापी या दोन नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारी सातपुड्यातील खिंड या गडाच्या नजरेखाली येते. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या अनेक फौजा या वाटेने जात. म्हणूनच असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत.

आमचे घराणे शिंदेशाहीत या मुलखात आले आणि येथलेच होऊन राहिले. असीरगडावर आम्ही लहानपणापासून किती वेळा गेलो याची गणती नाही. तरीही गेल्या भाद्रपदात जी फेरी घडली ती निराळी होती. गडाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही लिहिणार आहोत ते गडावरच्या एका क्षुद्र रानफुलाविषयी. त्या फुलाशी आमच्या घरातील एक जुने दुःख बांधलेले आहे, आणि ते सांगितल्यावाचून फुलाची गोष्ट पुरी होत नाही.

बरोबर आमचा पुतण्या, इंदुरात डॉक्टरी करणारी सूनबाई आणि त्यांचा नऊ वर्षांचा चिरंजीव होता. गाडी जेथवर जाते तेथे ठेवून आम्ही पायी निघालो. पाऊस उघडला होता. तटबंदीच्या सांध्यासांध्यांतून गवत डुलत होते. या गडाचे तीन भाग मानतात: सर्वांत वरचा असीरगड, त्याखालचा कमरगड आणि त्याहून खालचा मलयगड. चढताना एकेका तटाच्या आत शिरावे तसतसा इतिहासही एकेक पदर उलगडत जातो.

आसा अहीर नावाच्या गवळी राजाने हा गड बांधला अशी परंपरा आहे. त्याच्याकडून फारुकी घराण्याच्या नसीरखानाने तो कपटाने घेतला. डोल्यांतून बायकामुले पाठविण्याचा बहाणा करून त्याने आत सैनिक घातले, ही कथा येथे पोराटोरांना ठाऊक असते. पुढे दोनशे वर्षे फारुकींनी खानदेशावर राज्य केले. १६०० साली अकबराने गडाला वेढा घातला, तेव्हा बळाने हा गड पडेना. आत रोगाची साथ पसरली, तहाची बोलणी झाली, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला. अकबराच्या आयुष्यातील हा अखेरचा मोठा विजय. पुढे गड मराठ्यांकडे, शिंद्यांकडे आला. ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने तो घेतला. तहानंतर तो शिंद्यांना परत मिळाला. शेवटी एप्रिल १८१९ मध्ये किल्लेदार यशवंतराव लाड यांनी तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. पेशवाई त्याआधीच बुडाली होती. मराठ्यांच्या अखेरच्या युद्धातला शेवटचा मोठा वेढा तो हाच. आज वर फारुकींची मशीद आहे, पाण्याची तळी आहेत, इंग्रजांच्या कबरी आहेत, आणि एका कडेला पायऱ्या उतरून गेल्यावर गुप्तेश्वर महादेवाचे देऊळ आहे.

या देवळाची आख्यायिका आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. द्रोणपुत्र अश्वत्थामा अजून जिवंत असून पहाटे कोणी येण्यापूर्वी तो या पिंडीची पूजा करून जातो, आणि देऊळ उघडावे तो पिंडीवर ताजे फूल दिसते, असे गडाखालची माणसे सांगतात. निजलेल्या द्रौपदीपुत्रांची हत्या त्याने केली. त्याच्या मस्तकीचा मणी काढून घेतला गेला, आणि श्रीकृष्णाच्या शापाने तीन हजार वर्षे रक्तपुवाच्या दुर्गंधीसह निर्जन वनांतून एकट्याने भटकणे त्याच्या वाट्याला आले. लोककथेने त्या शापाला कपाळावरची कधीही न भरणारी जखम जोडली. कोणी म्हणतात, रात्री वाटेत भेटून तो जखमेसाठी तेल आणि हळद मागतो.

आमच्या घरी त्याला ते तेल मिळत असे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाआधी आजी तेलात बोट बुडवून जमिनीवर सात थेंब टेकवी. सात चिरंजीवांचे सात थेंब; त्यांतला पहिला अश्वत्थाम्याचा, कारण चिरंजीवांच्या नामावळीत तोच पहिला येतो. त्याचा थेंब इतरांहून अंमळ मोठा असे. आम्ही एकदा तिला विचारले होते, "आजी, झोपलेली मुलं मारणाऱ्याला तेल कशाला द्यायचं?" आजी भागवताची पोथी नेमाने वाचणारी होती. ती म्हणाली, "द्रौपदीनं त्याला जिवंत सोडवलं ते का? मी रडते तशी त्याची आई रडू नये, म्हणून. कृपीचा लेक आहे तो." एवढे बोलून ती उठली आणि आत गेली. ती त्या वेळी कोणाविषयी बोलत होती हे कळायला आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा चिरंजीव धावत सुटला आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरला. गुडघा खरचटला, रक्त आले, रडणे सुरू झाले. जवळच एक म्हातारी शेळ्या चारीत होती. ती लगबगीने आली, तटाच्या पायाशी वाकली, चार-सहा पाने ओरबाडून तिने तळहातावर चुरडली आणि हिरवा रस गुडघ्यावर पिळण्यासाठी हात पुढे केला. पाने पाहताच आमच्या तोंडून "नको, नको!" असे शब्द इतक्या जोराने निघाले की म्हातारी दचकून मागे सरली.

ती पाने दगडी पाल्याची होती.

दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी अशा नावांनी मराठीत ओळखली जाणारी ही वनस्पती पाहिली नाही असा वाचक विरळा. नाव ठाऊक नसले तरी ती पायाखाली आलेली असतेच. रस्त्याची कड, शेताचा बांध, रेल्वेचा रूळ, पडक्या भिंतीची चीर, घराचे अंगण: थोडी माती आणि भरपूर ऊन मिळाले की तिला दुसरे काही लागत नाही. वनस्पतिशास्त्रात तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स म्हणतात. प्रोकम्बेन्स म्हणजे भुईसरपट पसरणारी. लिनीअसने १७५३ साली हे नाव दिले. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि माका यांच्याच कुळातली ही धाकटी बहीण आहे.

तिचे खोड जमिनीवर लोळते आणि पेरांशी मुळे धरते. शेंडा मात्र वर उचललेला असतो. खोडावर आणि पानांच्या दोन्ही बाजूंवर राठ लव असते. बोटाने चोळले तर खरखरते. पाने समोरासमोर जोडीने येतात, बोटाच्या दोन पेरांएवढी, टोकाला निमुळती आणि कडेला ठळक दातेरी. फुलाची ओळख त्याच्या दांड्यावरून पटते. लोळणाऱ्या त्या झुडपातून वीतभर उंचीचा एकच सरळ, बारीक, बिनपानांचा दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल बसते. एकदांडी हे नाव त्यावरूनच पडले. इंग्रजीत तिला कोट बटन्स म्हणतात. कोटाच्या गुंडीएवढे ते फूल पाहिले की तेही नाव पटते.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचे संमेलन असते. मधली पिवळी चकती म्हणजे कित्येक नळीसारखी फुले; प्रत्येकात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. कडेला साधारण पाच फिकट पिवळसर किंवा दुधाळ पाकळ्या दिसतात. त्यांतली प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीपुष्प होय, आणि तिच्या टोकाला तीन दात असतात. भिंग नसले तरी डोळ्यांजवळ धरून ते तीन दात मोजता येतात. मुलांनी हा प्रयोग अवश्य करावा. फुलाचा भर ओसरला की त्याच जागी करड्या-पांढुरक्या केसांचा गोंडा तयार होतो. प्रत्येक बीजाला पिसासारख्या केसांची छत्री असते. वारा आला की ती सुटते आणि तटाच्या दहा हात उंच चिरेतही जाऊन बसते. ज्या असीरगडावर फौजांना चढता आले नाही तेथे एकदांडी अशी बिनबोभाट चढली.

ती बाहेरून आलेली आहे, ही गोष्ट मात्र अनेकांना नवी वाटेल. तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. कोलंबस १४९२ साली त्या किनाऱ्याला लागला, त्यापूर्वी आपल्याकडे कोणी तिला पाहिलेले असणे शक्य नाही. म्हणून चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती शोधू नये. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ यांच्यासारखीच ती समुद्र ओलांडून आली. फरक इतकाच की मिरचीला आपण आणले आणि हिला कोणी बोलावले नव्हते. शेतकी शास्त्रात तिची गणना आजही तणांत होते. परंतु आपल्या खेडुतांची परीक्षा पाहा. या परक्या तणाचा पाला चुरडून जखमेवर लावला असता रक्त थांबते, हे त्यांनी स्वतः पाहून ठरविले आणि शे-दीडशे कोसांच्या मुलखात ते ज्ञान तोंडातोंडी पोचले. विळा लागला, खुरपे लागले, खेळताना गुडघा फुटला की दगडी पाला, हा आमच्या लहानपणीचा नियमच होता.

हे नुसते समजुतीचे बोलणे नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आणि त्यानंतरच्या इतर प्रयोगांत या पाल्याचा अर्क उंदरांच्या जखमांवर तपासण्यात आला, आणि जखम भरून येण्याच्या क्रियेला त्याने साह्य होते असे दिसले. पण प्रयोगशाळेतला मोजून-मापून, स्वच्छ केलेला अर्क वेगळा आणि शेळ्यांच्या वाटेवर ओरबाडलेला पाला वेगळा. उंदराच्या पाठीवरची निर्जंतुक सुरीने केलेली जखम वेगळी आणि शेणामातीत रुतलेल्या काट्याची जखम वेगळी. हा भेद आमच्या घराला फार मोठी किंमत देऊन कळला.

आजीचा थोरला मुलगा १९४९ साली वारला. नात्याने ते आमचे थोरले काका. पण काका म्हणावे असे वय त्यांना लाभलेच नाही. ते अकरा वर्षांचे होते. तापीकाठच्या शेतात अनवाणी धावताना त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा खोल गेला. काटा निघाला, रक्त आले. आजीने बांधावरचा दगडी पाला चुरडून रस पिळला आणि वर चिंधी बांधली. रक्त थांबले. दोन दिवसांत जखमेचे तोंड मिटले, मुलगा खेळायला लागला, आणि घर ती गोष्ट विसरून गेले. नवव्या दिवशी जेवताना त्याला घास चावता येईना. जबडा आवळत गेला, मग मान, मग पाठ. बऱ्हाणपुरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत पाठ धनुष्यासारखी वाकली होती. तिसऱ्या दिवशी सारे संपले.

आजीने कोणाला दोष दिला नाही. तिने दोष दिला तो त्या पाल्याला, आणि पाला लावणाऱ्या आपल्या हाताला. पुढची बत्तीस वर्षे, म्हणजे १९८१ साली ती जाईपर्यंत, दर पावसाळ्यात ती अंगणात बसून एकदांडीचे एकेक रोप मुळासकट उपटीत असे. तण कोण काढीत नाही? म्हणून आम्हां मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही. तिच्या माघारी वडिलांनी आम्हांला सगळे सांगितले. तेव्हापासून ते पिवळे फूल दिसले की आमचाही पाय आपोआप बाजूला पडू लागला. गडावर तोंडून निघालेला "नको" हा असा बाहत्तर-पंचाहत्तर वर्षांचा जुना होता.

सूनबाईने मात्र शांतपणे पाण्याची बाटली उघडली. तिने चिरंजीवाला दगडावर बसविले, गुडघ्यावर पाण्याची धार धरली, पिशवीतला साबण काढून माती निघेपर्यंत सभोवार धुतले आणि स्वच्छ रुमालाने दाबून धरले. दोन-तीन मिनिटांत रक्त थांबले. मग ती म्हातारीकडे वळून हिंदीत म्हणाली, "आजी, तुमचं औषध आम्हांला माहीत आहे. पण आधी पाणी." म्हातारी हसली. तिने हातातला चुरा टाकून दिला आणि शेळीमागे निघाली. आम्ही तिची क्षमा मागितली तेव्हा तिने, पोराची काळजी कोणाला नसते, अशा अर्थाचे काही तरी निमाडीत सांगितले.

देवळाच्या पायऱ्यांवर बसल्यावर आम्ही सूनबाईला थोरल्या काकांची हकीकत सांगितली. तिने ती पूर्वी ओझरती ऐकली होती. सारे ऐकून घेऊन तिने आम्हांला विचारले, "काका, आजींना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पाल्यामुळे मुलगा गेला?" आम्ही होय म्हणालो. त्यावर तिने जे समजावून सांगितले ते आमच्या शब्दांत वाचकांपुढे ठेवतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. उघड्या हवेत ते वाढत नाहीत. प्राणवायू जेथे पोचत नाही अशी खोल, अरुंद जागा त्यांना लागते, आणि काटा किंवा खिळा नेमकी तशीच जागा करून देतो. तेथे ते एक विष निर्माण करतात. ते विष मज्जातंतूंत शिरले की स्नायू आवळतात. काट्यापासून पहिल्या लक्षणापर्यंत बहुधा तीन दिवस ते तीन आठवडे जातात; म्हणून जखम बरी झाल्यासारखी वाटते आणि रोग मागाहून येतो. आपल्या पूर्वजांना हा विकार ठाऊक होता. सुश्रुताने त्याला धनुःस्तंभ म्हटले आहे. व्रणावरच्या उपचारांचे साठ प्रकारही त्याने सांगितले, आणि दूषित व्रण प्रथम शुद्ध करावा, मग तो भरून आणावा, असा क्रम घालून दिला. आमच्या घरात त्या दिवशी हा क्रमच उलटा झाला.

"तेव्हा पाल्यानं मुलाला मारलं नाही," सूनबाई म्हणाली, "ते जंतू बहुतेक काट्याबरोबरच आत गेले असणार. पाला लावला नसता तरी धोका होताच." आम्हांला हायसे वाटले, आणि ते तिच्या ध्यानात आले असावे. ती लगेच पुढे म्हणाली, "पण पाल्याचा काही दोष नव्हता असंही मी म्हणणार नाही. रक्त थांबलं म्हणून सगळे निर्धास्त झाले. त्या काळीही धनुर्वाताचं सीरम होतं. जखम झाली त्या दिवशी दवाखान्यात गेले असते तर कदाचित…" तिने वाक्य पुरे केले नाही. आम्हीही ते करविले नाही.

खरी गोष्ट एवढीच आहे. पाल्याने रक्त थांबविले. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली. जे काम त्याचे नव्हते तेही त्यानेच केले असे घराने धरून चालले. आजीने आपल्या हाताला बत्तीस वर्षे दिलेली शिक्षा अर्धी अन्याय्य होती. उरलेली अर्धी तिच्या एकटीची नव्हती. त्या काळच्या साऱ्या गावाची, साऱ्या अज्ञानाची ती होती. हे तिला कोणी तरी वेळेवर सांगायला हवे होते. आम्ही विसाव्या वर्षी हे जाणत नव्हतो, आणि जाणू लागलो तेव्हा ती नव्हती.

धनुर्वाताची लस १९२० नंतरच्या दशकात तयार झाली, पण आपल्या खेड्यापाड्यांत ती पोचायला पुढे अर्धे शतक लागले. १९७८ साली देशव्यापी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ नंतर त्याचा विस्तार झाला. बाळंतिणी आणि नवजात बालके यांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याची मान्यता २०१५ साली मिळाली. मातीतले जंतू मात्र जेथे होते तेथेच आहेत. ते नाहीसे होणारे नाहीत. लहानपणी घेतलेल्या लशीचे बळही जन्मभर पुरत नाही. दर दहा वर्षांनी पुन्हा मात्रा घ्यावी लागते. आता धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंची मिळून एकच सुई असते.

आमच्या भगिनी-बंधूंपैकी कित्येकांच्या अंगणात आजही एकदांडी उगवते, आणि मुलांचे गुडघे आजही फुटतात. म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. खरचटलेली वरवरची जखम असेल तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने ती धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून धरावी. बहुतेक वेळा एवढे पुरते. पाला लावायचाच असेल तर जखम धुतल्यानंतर, आणि तोही स्वच्छ जागेवरचा, स्वतः धुतलेला असावा. रस्त्याच्या कडेचा, गुरांच्या वाटेवरचा कधीही नसावा. काटा, खिळा, पत्रा यांची खोल जखम, जनावराचा चावा, भाजलेली जागा आणि मधुमेही माणसाच्या पायाची कोणतीही जखम यांना पाल्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. तडक डॉक्टरांकडे जावे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. हा पाला पोटात घेण्याचे प्रयोग घरच्या घरी करू नयेत.

ओळखीचीही खबरदारी हवी. ओलसर जागी वाढणारा माका याच कुळातला, पण त्याचे फूल पांढरे आणि बारीक असते, आणि त्याच्या बीजांना केसांची छत्री नसते. गाजरगवतही याच कुळातले. १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे ते प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात, आणि अनेकांच्या त्वचेला त्याने खाज आणि पुरळ येते. ते जखमेवर चोळले तर काय होईल हे सांगायला नको. एक दांडा, एक फूल, पाकळीच्या टोकाला तीन दात: ही खूण पटल्यावाचून एकदांडी म्हणू नये.

सूर्य कलल्यावर आम्ही देवळात गेलो. पिंडीवर सकाळची फुले कोमेजून पडली होती. ती पुजाऱ्याने वाहिली की आणखी कोणी, याची चौकशी आम्ही केली नाही. चिरंजीवाने तेवढ्यात विचारले, "अश्वत्थाम्याची जखम कुणी धुतलीच नसेल का?" सूनबाई हसली, आम्हांला मात्र हसू आले नाही. पाच हजार वर्षे ज्याला तेल आणि हळद देणारे भेटले त्याला आधी पाणी देणारे कोणी भेटले की नाही, हा प्रश्न आमच्या आजीला फार आवडला असता.

घरी परतल्यावर आम्ही कपाटातले औषधांचे जुने कागद काढून पाहिले. सगळ्यांना दक्षतेचे धडे देणाऱ्या आमची स्वतःची धनुर्वाताची शेवटची सुई चौदा वर्षांपूर्वीची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आम्ही ती घेतली आणि घरातल्या प्रत्येकाची तारीख पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. परत येताना अंगणाच्या कडेला एकदांडीची दोन रोपे दिसली. एकावर फूल होते, दुसऱ्यावर गोंडा. सवयीने आम्ही वाकलो, हात खाली नेला, आणि तसाच मागे घेतला. गोंड्यावर वारा आला तेव्हा चार-पाच छत्र्या सुटल्या आणि शेजारच्या भिंतीवरून पलीकडे गेल्या.